टीचरबद्दल शाळेला काय, कधी आणि कुणाला कळवायचं: न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

दरवर्षी सप्टेंबरात शाळा सुरू झाली की आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच प्रश्न यायला लागतात. टीचर नीट शिकवत नाहीये कुणाला सांगू, टीचर फार चांगली आहे पण नवीन आहे तर पुढच्या वर्षी तिला ठेवतील ना, आणि आपण काही बोललो तर पोराला त्रास तर नाही ना होणार. प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा यावेळी सगळं एकदाच लिहून काढलंय. हे न्यू जर्सीतल्या पब्लिक स्कूलपुरतं आहे कारण मला तेच माहितीये. आम्ही नऊ वर्षांपूर्वी सांगलीहून इकडे आलो तेव्हा मुलगी पाचवीत होती आणि मुलगा दुसरीत, आणि यातलं बरंचसं मी चुका करून शिकलेय. दुसऱ्या राज्यात असाल तर त्यांच्याबद्दल पुढे थोडं लिहिलंय ते बघा, प्रायव्हेट स्कूलला यातलं फारसं काही लागू नाही.

आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको. न्यू जर्सीत टीचरचं वर्षाचं मूल्यमापन होतं त्यात पालकांच्या मताला वेगळे मार्क नाहीत. तुम्हाला कुणी फॉर्म आणून देणार नाही की टीचरला पाचपैकी किती द्याल. पण मूल्यमापन करणारा माणूस शाळेतच बसलेला असतो, तो तुमचा इमेल वाचतो, आणि तुम्ही जे बघता ते त्याला दिसत नसतं. म्हणून काय लिहायचं, कुणाला लिहायचं आणि मुख्य म्हणजे कुठल्या महिन्यात, हे नीट माहिती पाहिजे.

पायरी १: टेन्युअर म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्याकडे शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढली की मग पर्मनंट, हे ज्यांच्या घरात कुणी शिक्षक आहे त्यांना पाठ असतं. इकडचं टेन्युअर म्हणजे जवळपास तेच, नोकरी कायम होणं. अमेरिकेत शिक्षकांना हे संरक्षण पहिल्यांदा न्यू जर्सीनेच दिलं, १९०९ साली. कारण तेव्हा गावातला पुढारी बदलला की टीचर बदलायची, कुणाची भाची लावायची म्हणून चांगल्या बाईला काढायचे, असले प्रकार चालायचे. त्यामुळे टेन्युअर म्हणजे कामचुकारांना पाठीशी घालायची सोय, असं काही लोक ग्रुपवर लिहितात ते मला पटत नाही.

आत्ताचा कायदा २०१२ चा आहे, त्याला टीच-एनजे म्हणतात. ६ ऑगस्ट २०१२ ला त्यावर सही झाली, त्याआधी तीन वर्षं आणि एक दिवस भरला की टीचर कायम व्हायची, त्यानंतर लागलेल्यांसाठी चार वर्षं आणि एक दिवस झाला. आणि नुसती वर्षं भरून भागत नाही. पहिल्या वर्षी नव्या टीचरला मेंटरच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि त्यापुढच्या तीन वर्षांपैकी निदान दोन वर्षं तिचा शेरा इफेक्टिव्ह किंवा हायली इफेक्टिव्ह असावा लागतो. एकूण शेरे चार आहेत: इनइफेक्टिव्ह, पार्शली इफेक्टिव्ह, इफेक्टिव्ह, हायली इफेक्टिव्ह.

म्हणजे पहिली चार वर्षं फार नाजूक असतात. या काळात डिस्ट्रिक्टने (आपल्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणारी संस्था) टीचरला पुढच्या वर्षी घ्यायचं नाही ठरवलं तर ते सोपं असतं. टेन्युअर मिळाल्यावर मात्र काढायला रीतसर आरोप ठेवावे लागतात, ते प्रकरण राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जातं आणि तिथून लवादाकडे. म्हणून चांगल्या नव्या टीचरबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल तर ती कायम झाल्यावर म्हणून काय उपयोग, ती नवीन असतानाच म्हणा.

टीचर कितव्या वर्षाची आहे हे कसं कळणार? बऱ्याच जणी बॅक टू स्कूल नाइटला, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला पालकांना शाळेत बोलावतात त्या संध्याकाळी, स्वतःच सांगतात. नाहीतर बोर्डाच्या (बोर्ड ऑफ एज्युकेशन, डिस्ट्रिक्टचा कारभार बघणारं मंडळ) मीटिंगचा अजेंडा वेबसाइटवर असतो, त्यातल्या पर्सोनेलच्या भागात नेमणुका, राजीनामे, फेरनेमणुका सगळं नावानिशी असतं, तिथे शोधलं की सापडतं.

पायरी २: मूल्यमापनात काय बघतात ते बघा

मुख्य भाग म्हणजे वर्गात येऊन बघणं, ऑब्झर्वेशन. टेन्युअर नसलेल्या टीचरचं वर्षातून किमान तीनदा, टेन्युअर असलेल्याचं किमान दोनदा, आणि प्रत्येक वेळ किमान २० मिनिटांची. त्याशिवाय मुलांची प्रगती किती झाली याचं टीचर वर्षाच्या सुरुवातीला ध्येय ठरवते, त्याला एसजीओ म्हणतात, आणि काही इयत्तांना राज्याच्या परीक्षेतून येणारा आकडा धरतात. त्या आकड्यांमध्ये आपण पडायचं कारण नाही.

आता हिशेब करा. तीन गुणिले वीस म्हणजे साठ मिनिटं. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं. प्रिन्सिपल येता-जाता डोकावतात, ते वेगळं, पण रीतसर बघणं कायद्याने बघायला गेलं तर वर्षातला एक तास. तुमचं पोर रोज सहा-साडेसहा तास त्या वर्गात असतं. गृहपाठावर काय शेरा येतो, इमेलला उत्तर किती दिवसांनी येतं, मूल घरी येऊन काय सांगतं, रविवारी रात्री त्याचं पोट दुखतं का, हे सगळं त्या एका तासात दिसत नाही, ते तुम्हालाच माहिती असतं.

दुसरं म्हणजे बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये डॅनियलसन फ्रेमवर्क नावाची पद्धत वापरतात. तिचे चार भाग आहेत, तयारी, वर्गातलं वातावरण, शिकवणं आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या. या चौथ्या भागात पालकांशी संवाद हा एक ठरलेला मुद्दा आहे. टीचरला तिथे पुरावा दाखवावा लागतो आणि पालकांचे इमेल हा चांगला पुरावा असतो, बऱ्याच टीचर ते जपून ठेवतात आणि वर्षाअखेरीच्या चर्चेत दाखवतात. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये कुठली पद्धत आहे ते वेबसाइटवर बघा किंवा प्रिन्सिपलच्या ऑफिसला विचारा, पद्धत कुठली हे गुपित नसतं. एकेका टीचरचा शेरा मात्र गुपित असतो, कायद्यानेच. ओप्रा म्हणजे इकडचा माहिती अधिकार, त्याखाली सुद्धा तो मिळत नाही, मागत बसू नका.

पायरी ३: आधी लिहून ठेवायची सवय लावा

एक साधी वही करा किंवा फोनमध्ये नोट. तारीख, काय झालं, कुणी बघितलं. मूल जे सांगतं ते त्याच्याच शब्दांत, आणि शेजारी लिहा की हे मुलाने सांगितलं, मी बघितलं नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे. घरी आलेल्या पेपरचे फोटो काढून ठेवा, कारण मुलं ते पेपर दप्तराच्या तळाशी चुरगाळून टाकतात आणि नेमका लागेल तेव्हा मिळत नाही.

चांगलं पण लिहा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आपण वही काढतो ती फक्त राग आल्यावर, त्यामुळे वही उघडली की वाटतं टीचरमध्ये नुसते दोषच आहेत.

पायरी ४: कुणाला सांगायचं, क्रम चुकवू नका

पहिल्यांदा टीचर. मग प्रिन्सिपल, मिडल स्कूल हायस्कूल असेल तर मध्ये त्या विषयाचा सुपरवायझर किंवा गायडन्स काउन्सेलर असतो. मग सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी. मग बोर्ड ऑफ एज्युकेशन. मुलाचा आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला लेखी आराखडा) असेल तर केस मॅनेजरला सुरुवातीपासून बरोबर घ्या, कारण आयईपीत लिहिलेलं वर्गात पाळलं जात नसेल तर तो टीचर आवडते-नावडते याचा प्रश्नच नाही, ती मुलाच्या हक्काची गोष्ट आहे आणि तिचा रस्ता वेगळा आहे.

क्रम का पाळायचा, तर वर गेलेली तक्रार पहिल्यांदा खालीच परत येते. सुपरिंटेंडंटचा पहिला प्रश्न असतो, तुम्ही प्रिन्सिपलशी बोललात का, आणि प्रिन्सिपलचा, तुम्ही टीचरशी बोललात का. दोन आठवडे फुकट जातात आणि टीचरला वाटतं माझ्याशी न बोलता वर गेले.

आमचं हेच झालं होतं. मुलगी पाचवीत, इकडे येऊन जेमतेम तीन महिने, आणि गणिताचे पेपर घरी यायचे त्यावर चुकीच्या उत्तरालाही टिकमार्क. मला सांगलीच्या बाईंची सवय, लाल पेनाने कापलेलं, खाली बरोबर उत्तर लिहिलेलं. मी एका रात्री दोन पानी इमेल लिहिला, टीचरला शिकवता येत नाही, गणित दोन वर्षं मागे आहे, आमच्याकडे असं चालत नाही वगैरे, आणि टीचर सोडून बाकी सगळ्यांना पाठवला, प्रिन्सिपल, सुपरिंटेंडंट, बोर्डाचे सगळे मेंबर. उत्तर तीन ओळींचं आलं, कृपया आधी टीचरशी बोला. नंतर भेटल्यावर कळलं की त्या पेपरवरची टिक म्हणजे पेपर पूर्ण केला एवढंच, उत्तरं दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे मिळून तपासतात. माझी खरी तक्रार तिथेही शिल्लक होतीच, की मुलीला कुठे चुकलं ते कळत नाही, पण ती माझ्या इमेलमध्ये कुठे नव्हतीच, नुसता राग होता. ती टीचर मला अर्धा तास भेटायला थांबली होती आणि तिचे डोळे भरलेले होते, ते अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

तोच इमेल आज लिहायचा झाला तर मी असा लिहीन, इंग्रजीत लिहायचा पण अर्थ हा: "१२ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर या काळात गणिताचे पाच पेपर घरी आले. दोनांचे फोटो जोडले आहेत. चौथ्या आणि सातव्या गणिताचं उत्तर चुकलं आहे पण खूण टिकमार्कची आहे, त्यामुळे मुलीला चूक कुठे झाली ते कळत नाही आणि ती तीच चूक परत करते. तपासायची पद्धत कशी आहे आणि घरी आम्ही काय करावं हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं भेटता येईल का?" बस. यात टीचर कशी आहे याबद्दल एक शब्द नाही, तरी ज्याला मूल्यमापन करायचंय त्याला सगळं कळतं.

भाषेची अडचण असेल तर लाजू नका. इंग्रजी नीट येत नसलेल्या पालकांना समजेल अशा भाषेत बोलणं ही केंद्रीय कायद्याने शाळेची जबाबदारी आहे, दुभाषा मागा, फोनवरून का होईना मराठी किंवा हिंदी दुभाषा मिळू शकतो. आजी-आजोबा मूल सांभाळत असतील आणि कॉन्फरन्सला, म्हणजे पालक-शिक्षक भेटीला, तेच जाणार असतील तर हे त्यांनाही सांगून ठेवा. आणि मुलालाच दुभाषा करू नका, बिचारं आपल्याच टीचरची तक्रार आपल्याच तोंडाने सांगतं.

आणि तो व्हिसाचा प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात असतो पण विचारत कुणी नाही. एच-१बी असो, ग्रीन कार्ड असो, शाळेशी बोलायचा, लेखी कळवायचा, बोर्डाच्या मीटिंगला उभं राहायचा हक्क सगळ्या पालकांना सारखा आहे. टीचरबद्दल तक्रार केली म्हणून व्हिसाला धक्का लागतो हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय, त्याला काही आधार नाही. बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नाही सिटिझन नसाल तर, एवढंच.

पायरी ५: कॅलेंडर

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणाला माहिती नसतं. टेन्युअर नसलेल्या प्रत्येक टीचरला १५ मेपर्यंत बोर्डाने लेखी कळवावं लागतं, पुढच्या वर्षी नोकरी आहे किंवा नाही. बोर्ड मत देतं पण ते सुपरिंटेंडंटच्या शिफारशीवर, आणि सुपरिंटेंडंट विचारतात प्रिन्सिपलला. म्हणजे प्रिन्सिपलचं मत मार्च-एप्रिलमध्येच बनलेलं असतं. तुम्ही जूनमध्ये शेवटच्या दिवशी कितीही सुंदर पत्र लिहिलंत तरी त्या वर्षीच्या निर्णयाला त्याचा उपयोग नाही.

तर मी असं करते. सप्टेंबर-ऑक्टोबरात नुसतं बघायचं, टीचरला पण मुलं ओळखायला वेळ लागतो. नोव्हेंबरच्या कॉन्फरन्सला समोरासमोर बोलायचं, दहा-पंधरा मिनिटंच मिळतात म्हणून दोनच मुद्दे घेऊन जायचं. मग ख्रिसमसच्या सुट्टीनंतर, जानेवारी संपायच्या आत, जे काय असेल ते प्रिन्सिपलला लेखी. त्यानंतर मार्चच्या मध्यापर्यंत काही नवीन असेल तर एक छोटी पुरवणी.

तक्रारीचा मुद्दा असेल तरी जानेवारीच चांगला, कारण टीचरला सुधारायला वर्ष शिल्लक असतं. शेरा कमी आलेल्या टीचरसाठी सुधारणेचा लेखी आराखडा करतात, मदत देतात. माणसाला वेळेत सांगितलं तर बदलायची संधी मिळते, मेमध्ये सांगितलं तर फक्त शिक्षा होते.

पायरी ६: चांगल्याबद्दल लिहा, खरंच लिहा

आपण मराठी माणसं यात फार कमी पडतो. टीचर चांगली असली की आपण म्हणतो तिचं कामच आहे ते, दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवतो, संपलं. मिठाईचा बॉक्स प्रिन्सिपलला दिसत नाही.

माझा मुलगा दुसरीत इकडच्या शाळेत गेला तेव्हा ऑक्टोबर उजाडेपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नव्हता. घरी नुसती बडबड आणि तिकडे तोंड बंद. त्याच्या टीचरने काय केलं, एका रिंगमध्ये सहा छोटी कार्डं ओवून त्याच्या डेस्कला अडकवली, लॅमिनेट केलेली, प्रत्येकावर चित्र आणि खाली शब्द: पाणी, बाथरूम, मदत हवी, समजलं नाही, झालं माझं, आणि सहाव्या कार्डावर त्याने स्वतः काढलेलं क्रिकेटच्या बॅटचं चित्र, ते म्हणजे मला आत्ता कुणाशी बोलायचं नाहीये. तो कार्ड वर करायचा आणि ती वर्गासमोर काही न बोलता मान हलवायची. दिवाळीच्या आठवड्यात त्याने "समजलं नाही"चं कार्ड रिंगमधून काढलं आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं, म्हणाला हे मी आता तोंडाने सांगतो. हे मला तिने संध्याकाळी फोन करून सांगितलं, फोनवर तिचा आवाज कापत होता आणि इकडे माझाही.

मी जानेवारीत हे जसंच्या तसं प्रिन्सिपलला लिहिलं, टीचरला सीसी. कार्डाचा फोटो, तारखा, सप्टेंबरात मूल कसं होतं आणि आता कसं आहे. "शी इज अमेझिंग" असलं काही लिहिलं नाही. नंतर कळलं की ती तेव्हा तिच्या दुसऱ्याच वर्षात होती. माझ्या इमेलमुळे तिची नोकरी राहिली असं मी म्हणणार नाही, ती होतीच तशी चांगली, पण तिने मला जूनमध्ये सांगितलं की वर्षाअखेरीच्या चर्चेत प्रिन्सिपलने तो इमेल छापून समोर ठेवला होता, आणि वर्गात बघायला आले त्या तिन्ही दिवशी ती कार्डं कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

पायरी ७: बोर्डाची मीटिंग

प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मीटिंग जनतेसाठी खुली असते आणि प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावा लागतो, १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज कायदा आहे, लोक त्याला सनशाइन लॉ म्हणतात. तुम्ही माइकपाशी जाता, नाव आणि गाव सांगता, साधारण तीन मिनिटं मिळतात. समोरून उत्तर येईलच असं नाही, बरेचदा नुसतं थँक यू म्हणतात, त्यामुळे अपमान वाटून घेऊ नका.

तिथे एखाद्या टीचरचं नाव घेऊन तक्रार करू नका. एकतर मीटिंग बऱ्याच ठिकाणी रेकॉर्ड होते आणि वेबसाइटवर राहते, दुसरं म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बाबतीतली चर्चा बोर्ड बंद दाराआडच करतं, आणि ज्याच्या नोकरीवर परिणाम होणार असेल त्याला आधी नोटीस द्यावी लागते, राइस नोटीस म्हणतात तिला, म्हणजे त्याला हवं तर चर्चा उघड करा म्हणता यावं. बोर्डापुढे बोलायचं ते पद्धतीबद्दल. आमच्या शाळेत एका वर्षात तीन गणिताचे टीचर बदलले तर नव्यांना मेंटर कोण आहे. पालकांचा सर्व्हे किती वर्षांत झाला नाही. असं.

आणि एक खुर्ची अशी आहे जिच्याबद्दल फार कमी पालकांना माहिती असतं. टीच-एनजे आल्यावर प्रत्येक डिस्ट्रिक्टला मूल्यमापनाची सल्लागार समिती करावी लागली, तिला डीईएसी म्हणायचे, आणि त्यात टीचर, सुपरवायझर, सुपरिंटेंडंट, बोर्डाचा एक सदस्य यांच्याबरोबर एक पालक असावा असं नियमात लिहिलं होतं. आता ती समिती सक्तीची राहिली नाही, पण डिस्ट्रिक्टला ठेवायची असेल तर ठेवता येते. तुमच्याकडे आहे का विचारा, असेल तर पालकाची जागा भरलीये का विचारा. तीन मिनिटांत ओरडून जे होत नाही ते अशा समितीत वर्षभर शांतपणे बसून होतं. शाळेशाळेत स्कूल इम्प्रूव्हमेंट पॅनेल पण असतं पण त्यात प्रिन्सिपल, व्हाइस प्रिन्सिपल आणि टीचर एवढेच, पालक नाहीत.

पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, मात्र या कामाची जागा नाही. तिथे जरूर जा, ओळखी होतात, पण एखाद्या टीचरबद्दल तिथे बोलणं म्हणजे गावभर बोलणं.

पायरी ८: प्रकरण गंभीर असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा

टीचर मुलाला मारते, हात लावते, त्याच्या रंगावरून धर्मावरून नावावरून बोलते, तर ती मूल्यमापनाची बाब राहत नाही. तिथे क्रम, कॅलेंडर काही नाही. मुलाला त्रास देणारी वागणूक, मग ती मोठ्या माणसाची का असेना, २०११ पासून लागू असलेल्या अँटी-बुलिंग कायद्याखाली येऊ शकते. त्याला इकडे एचआयबी (हरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) तक्रार म्हणतात. प्रिन्सिपलला किंवा शाळेच्या अँटी-बुलिंग स्पेशालिस्टला लेखी द्या आणि एचआयबी हा शब्द वापरा. चौकशी शाळेच्या कामाच्या एका दिवसात सुरू आणि तशाच दहा दिवसांत पूर्ण व्हायला पाहिजे. मारहाण किंवा त्याहून वाईट असा संशय असेल तर राज्याची हॉटलाइन आहे, १-८७७-६५२-२८७३, चोवीस तास चालते. न्यू जर्सीत असा संशय आलेल्या प्रत्येक माणसाने कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे, फक्त शाळेने नाही.

टेन्युअर असलेल्या टीचरवर आरोप ठेवायचे तर ते बोर्डाच्या सेक्रेटरीकडे लेखी, शपथेवर द्यावे लागतात, त्या वाटेला जायचं तर आधी वकिलाशी बोला. सलग दोन वर्षं शेरा कमी आला तर ते काम सुपरिंटेंडंटच करतात, तिथे पालकांना काही करावं लागत नाही.

उत्तर काय मिळेल याबद्दल

बहुतेक वेळा तुम्हाला कळणारच नाही की पुढे काय झालं. प्रिन्सिपल म्हणतील, दिस इज अ पर्सोनेल मॅटर, आम्ही बघतोय. ते तुम्हाला टाळत नाहीयेत, त्यांना सांगता येत नाही. तुमच्या मुलासाठी काय बदलेल हे मात्र तुम्ही विचारू शकता आणि विचारावंच. दोन आठवड्यांनी एक छोटा इमेल टाका, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक ठरलं होतं, ते सुरू झालं का.

निनावी पत्र पाठवू नका, त्याला फारशी किंमत देत नाहीत, आणि टीचरच्या युनियनच्या करारात बहुतेक ठिकाणी असतं की तिच्याविरुद्ध काही फाइलमध्ये घालायचं तर तिला ते दाखवायला आणि तिचं म्हणणं ऐकायला पाहिजे. म्हणजे तुमचं नाव तिला कळणार असं धरूनच लिहा. पोरावर राग काढतील का, ही भीती मला पण होती. माझा अनुभव असा की आधी तिच्याशी बोलून मग वर गेलं आणि भाषा नीट असली तर कुणी मुलावर राग काढत नाही. तसं वाटलंच तर तेही तारखेसकट लिहून प्रिन्सिपलला कळवा.

दुसऱ्या राज्यांतल्यांसाठी थोडं. फ्लोरिडा, अलास्का आणि युटा यांच्या कायद्यात टीचरच्या मूल्यमापनात पालकांना मत देता यावं असं लिहिलेलंच आहे, तिकडे असाल तर डिस्ट्रिक्टला सरळ विचारा की आमच्यासाठी ती सोय कुठे आहे. फ्लोरिडात २०११ च्या जुलैनंतर लागलेल्या टीचरना टेन्युअर नाहीच, दरवर्षीचं कंत्राट असतं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांतच कायम होतात आणि नोटिशीची तारीख १५ मार्च असते, म्हणजे बे एरियावाल्यांनी माझ्या कॅलेंडरमधून दोन महिने वजा करा, तुमचा इमेल नोव्हेंबरच्या कॉन्फरन्सनंतर लगेच गेला पाहिजे.

आणि मेमध्ये कळलं की चांगल्या टीचरला ठेवत नाहीयेत, तर

दर वर्षी कुणाच्या तरी शाळेत हे होतं. सगळे हळहळतात आणि फुलं पाठवतात. पण अजून एक दार उघडं असतं. ज्या टीचरला पुढच्या वर्षी नोकरी नाही असं कळवलं गेलं ती लेखी कारणं मागू शकते आणि नंतर बोर्डासमोर आपली बाजू मांडायला वेळ मागू शकते, त्याला डोनाल्डसन हिअरिंग म्हणतात, १९७४ च्या एका खटल्यावरून. हे कोर्ट नव्हे, शपथ नसते, उलटतपासणी नसते, आणि टीचर आपल्या बाजूने बोलायला माणसं आणू शकते. पालक सुद्धा.

मागणी टीचरनेच करायची असते, आपण नाही, आणि तिला लागलीच करावी लागते, कारणं मागायला तिच्याकडे पंधराच दिवस असतात. त्यामुळे तिला आधी विचारा, तुमची इच्छा आहे का, तुम्हाला आम्ही आलेलं चालेल का. काहींना नको असतं, त्यांनी दुसरी नोकरी बघितलेली असते, त्याचा मान ठेवा. ती हो म्हणाली तर दोघा-तिघांनीच जा, पंधरा जणांनी नाही, आणि प्रत्येकाने आपल्याच मुलाचं एकेक उदाहरण सांगा, तारखेसकट, वही बरोबर न्या. कार्डांची रिंग असेल तर ती पण.